पर्याय ब

९ सप्टेंबर

आत्या,

कशी आहेस, बरी आहेस ना, तब्येत सांभाळ, हे सगळं बाबांनी लिहायला सांगितलं होतं. लिहिलं म्हणून त्यांना सांगितलंय. लिहिलेलं नाही.

फोन का केला नाही असं विचाराल. फोन कानाला लावला की माझं काय होतं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. आणि मेसेज केला की तुम्ही त्यावर अंगठा टाकून मोकळ्या होता. आई आजारी आहे असं मागे कळवलं होतं, त्यावरही अंगठाच आला होता. म्हणून कागद घेतला. कागदावर अंगठा उठवायचा तर शाई तरी लागेल.

तर ऐका. बाबा रोज सकाळी व्हॅनमधून पोरांना शाळेत सोडतात आणि पुढे मला धुलाईच्या कारखान्यावर. मी सगळ्यात मागे बसते, दप्तरांच्या ढिगात. पोरं मला ताई म्हणतात आणि ताई बोलत नाही हे त्यांनी मान्य केलंय. छान चाललं होतं आमचं.

गेल्या आठवड्यात त्यांना नवीन टॅब मिळाले. नवा समाजशास्त्राचा अभ्यासक्रम म्हणे. पुस्तक नाही, सगळं पडद्यावर हलतं, बोलतं. एक चष्मेवाला आहे, त्याला सगळ्यांच्या आधी सगळं बघायचं असतं. त्याने गाडीतच पाठ उघडला आणि ओरडला, "अरे, ही तर आपली व्हॅन!"

निळी व्हॅन. दाराला पोचा, तोही बरोबर डावीकडे. आरशाला लटकवलेला कापडी मासा, जो मी शिवलाय. गाडी चालवणारा मिशीवाला माणूस. आणि मागच्या खिडकीला नाक लावून बसलेली एक मुलगी, बाकीची मुलं हसत शाळेत जातात आणि ती बघत राहते. मागे रडकं संगीत.

मग प्रश्न आला. ही मुलगी शाळेतून का बाहेर पडली? अ, आजारपण. ब, वडिलांचं अज्ञान. क, गरिबी. ड, शाळा दूर होती.

सगळी गाडी ओरडली, "ब!" टॅबवर हिरवी खूण आली आणि टाळ्या वाजल्या. मशीनच्या टाळ्या.

एक बडबडी मुलगी आहे पुढे बसणारी. तिने विचारलं, "काका, अज्ञान म्हणजे काय हो?"

बाबा गिअर टाकत होते. म्हणाले, "काही माहीत नसणं."

"तुम्हाला काहीच माहीत नाही?"

"रस्ते माहीत आहेत की."

पोरं हसली. बाबाही हसले. मग सगळी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली आणि मी एक दप्तर मांडीवर घेतलं आणि त्याची चेन उघडत बंद करत बसले.

तेव्हापासून बाबांचं नाव पर्याय ब काका. "पर्याय ब काका, हॉर्न वाजवा ना." "पर्याय ब काका, माझी बाटली राहिली." ते वाजवतात हॉर्न. गाडी मागेही घेतात. फक्त आरशावरचा मासा काढून त्यांनी पुढच्या खणात ठेवलाय. मी विचारलं तर म्हणाले, समोरचं नीट दिसत नव्हतं. इतकी वर्षं दिसत होतं.

पाठ संपला की शेवटी तुमचा फोटो येतो. पाठलेखन म्हणून. दिवाणखान्यातल्या पुस्तकांसमोर उभ्या आहात.

मागच्या खेपेला आलात तेव्हा बाबांना व्हॅनसमोर उभं करून "हस ना दादा, हस ना" करत फोटो काढत होतात, तो कशासाठी होता ते आता कळलं. तो पाठ काढून टाका. बाकी मला तुमच्याशी काही बोलायचं नाही.

तुमच्या पाठातली मुलगी


१६ सप्टेंबर

घुमे,

तुझं पत्र आलं. मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलीस? वर्गात मी बाई होते तेव्हा ठीक होतं. घरात माझ्या अंगावर लोळत तू 'ए आत्या' म्हणायचीस. असो. तुम्ही तर तुम्ही. वयच तसं आहे तुझं.

आता नीट वाच. त्या पाठात कुणाचंही नाव नाही. तुझं नाही, दादाचं नाही, गावाचं नाही. चित्रकाराला संदर्भ म्हणून फोटो द्यावा लागतो, मी जवळ होता तो दिला. तो हुबेहूब तसंच काढेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तोच टॅब नेमका त्याच गाडीत उघडला जाईल हेही नाही. हजारो शाळांत गेलाय तो पाठ. एका गाडीत चार पोरं हसली म्हणून तो मागे घ्यायचा?

तुला कल्पना नाही या अभ्यासक्रमासाठी आम्ही किती भांडलो. इतकी वर्षं मुलं काय शिकत होती? कुठला राजा कधी मेला, कुठला तह कधी झाला. पाठ करायचं आणि ओकायचं. आम्ही म्हटलं, समाज शिकवायचा तर समोरचा समाज दाखवा. मुलांच्या अवतीभवतीची खरी माणसं, खरे प्रश्न. समितीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. एक जण म्हणाले, हे काय समाजशास्त्र, ह्या तर चाळीतल्या गप्पा. त्या सगळ्यांशी मी एकटी बाई लढले. आणि घरातून मला हे पत्र येतं.

आणि खोटं काय आहे गं त्यात? तू नववीत शाळा सोडलीस हे खोटं? दादाने सोडवली हे खोटं? माझ्या दारात उभा राहून त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलंय, "मीच काढली तिला. पोरीची जात, किती शिकवायचं." माझा माझ्या कानांवर विश्वास बसला नव्हता. ज्या भावाने मला सायकलवर पुढे बसवून परीक्षेला नेलं, त्याच्या तोंडी ही भाषा. त्या दिवशी तुमच्याकडे जेवायला यायचं ठरलं होतं, मी आले नाही. तुझ्या आईला विचार, तिने ताट वाढलं होतं.

तेव्हा राग काढायचाच असेल तर योग्य माणसावर काढ. तुझ्यासारख्या मुली पुन्हा होऊ नयेत म्हणूनच तो पाठ आहे. तू सतरा वर्षांची आहेस, अजून वेळ गेलेली नाही. घरी बसून परीक्षा देता येते. मी सगळं बघते. चादरींना घड्या घालत आयुष्य काढणार आहेस का?

तुझी आत्याच


२२ सप्टेंबर

आत्या,

तुमचं पत्र मी कारखान्यात डब्याच्या सुट्टीत वाचलं. चादरींना घड्या घालत आयुष्य काढणार का असं विचारलंत. आमच्याकडे एका चादरीला दोघी लागतात. समोरची बाई दोन टोकं धरते, मी दोन धरते, एकमेकींकडे चालत जायचं, टोकं द्यायची, परत मागे. मशीनचा इतका आवाज असतो की कुणी बोलतच नाही. समोरची नुसती मान हलवते आणि मला कळतं. दोन वर्षांत मला तिथे कुणी विचारलेलं नाही की तुझ्या तोंडात काय मूग आहेत का. आयुष्य काढेन की नाही ते माहीत नाही. पण तिथे मी रोज आपणहून जाते.

आता शाळेचं. तुम्हाला आठवण करून द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं मला.

तुम्ही आमच्या वर्गावर होतात, समाजशास्त्राला. तुमचा तो प्रयोग आला. प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन, तोंडासमोर माइक. पडद्यावर प्रश्न येणार आणि दहा सेकंदांत तोंडी उत्तर द्यायचं. मशीन ऐकणार. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांची नावं आणि नावापुढे तोंड. बरोबर आलं तर हिरवं हसणारं. चुकलं तर पिवळं. बोललाच नाहीत तर लाल, ओठ खाली लोंबलेलं. आणि टुंग असा आवाज.

मला उत्तरं येत होती का, तर काही येत होती काही नव्हती. मी काय फार हुशार नव्हते. पण येत असलेलंही बाहेर यायचं नाही. आकडे उलटे पळायचे, नऊ, आठ, सात, आणि मी माइकची वायर बोटाला गुंडाळत बसायचे. टुंग. सगळा वर्ग पडद्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. रोज. पोरं मला टुंगी म्हणायला लागली. जिन्यात, नळावर, फाटकाबाहेर, टुंग, टुंग. मी दिसले की एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी ओठ लोंबवायचे.

तुम्ही समोर खुर्चीवर बसलेल्या असायच्या. एकदाही मान वर केली नाहीत. घरी मला म्हणालात, "मी तुझी आत्या आहे म्हणून तुला सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

शेवटी मी घरी सांगितलं, मी जाणार नाही. बाबांनी मला रोज फाटकापर्यंत सोडलं. तिथून मी रोज परत यायचे. महिनाभर. मग एक दिवस त्यांनी फाटकाशी गाडीच थांबवली नाही, सरळ पुढे नेली. तेवढंच त्यांनी केलं. पोरीची जात, किती शिकवायचं, असलं वाक्य आमच्या घरात कधीच कुणी बोललेलं नाही. ते तुम्हाला का बोलले ते मला माहीत नाही. ते तुमच्या दारात आले होते हेच मला तुमच्या पत्रातून कळलं. मी विचारणार आहे.

आणि आणखी एक. पाठाच्या शेवटी तुम्ही उपक्रम दिलाय. "अशा एका पालकाची मुलाखत घ्या, चित्रफीत करून अपलोड करा." गाडीतल्या पोरांनी कुणाला धरलं असेल? बाबा हो म्हणालेत. तारीख अजून ठरलेली नाही. ते कॅमेऱ्यासमोर सांगणार की चूक त्यांची होती आणि ते सगळ्या शाळा बघणार. त्याआधी पाठ निघाला पाहिजे.

आई म्हणाली, तिला लिहितेयस तर माझ्याकडून काही लिहू नकोस, मला जे लिहायचंय ते टपालवाले नेणार नाहीत.

टुंगी


२९ सप्टेंबर

तुला मी काय म्हणू तेच मला समजत नाही.

सगळं खापर आता माझ्यावर. छान. त्या यंत्रामुळे जी पोरं जन्मात बोलली नसती ती बोलायला लागली, ती तुला दिसली नाहीत. मागच्या बाकावरचा तो जाड मुलगा, आठवतो का, तो आज कॉलेजात वादविवाद स्पर्धा जिंकतोय. मला भेटायला येतो. तुझ्या एकटीसाठी मी सगळा वर्ग थांबवायला हवा होता का?

आणि मी काय करू शकत होते? ते यंत्र वरून आलेलं. नावं वरून भरलेली. ते बंद करायचं बटण माझ्याकडे नव्हतं. मला दहाजणी विचारायच्या, भाचीला का पाठीशी घालत नाहीस, आणि मी म्हणायचे, वर्गात मला भाची नाही. त्याची मला काय किंमत मोजावी लागली ते तू विचारू नकोस. घरी येऊन मी तुझ्याशी बोलायचा प्रयत्न केला तर तू न्हाणीघरात जाऊन कडी लावायचीस. सांगायचं होतंस! एकदा तरी तोंड उघडून सांगायचं होतंस की आत्या, मला त्रास होतोय.

दादा आला होता एकदा, तू शाळा सोडण्याच्या आधी, म्हणाला होता पोरीला जरा वेळ द्या. सगळेच पालक म्हणतात तसं. मी म्हटलं, दादा, मशीनला वेळ देता येत नाही. तो बरं म्हणाला आणि गेला. त्यात मी काय ओळखायचं होतं?

तरी तुझा मान राखून मी पाठात दुरुस्ती करून घेतली आहे. दोन दिवसांत सगळ्या टॅबवर आपोआप जाईल. व्हॅनचा रंग हिरवा केलाय. मासा काढलाय. मिशी काढलीय. आणि बरोबर उत्तर आता ब नाही. नवीन पर्याय ड, "वरीलपैकी सर्व". म्हणजे एकट्या वडिलांवर येत नाही. एवढ्यासाठी मला तीन बैठका घ्याव्या लागल्या.

मुलाखतीचं मी काही करू शकत नाही. तो उपक्रम ऐच्छिक आहे. दादाला नको असेल तर त्याने नाही म्हणावं. त्याला तोंड आहे.

आत्या


६ ऑक्टोबर

आत्या,

दुरुस्ती पोचली. बडबडी म्हणाली, "पर्याय ब काका, तुम्ही गाडी रंगवली का?" बाबा म्हणाले, "पावसाने धुतली गेली असेल." चष्मेवाला म्हणाला, "आता उत्तर वरीलपैकी सर्व आलंय. म्हणजे ताई आजारी पण होती, गरीब पण होती, आणि काका अडाणी पण होते." आधी एक होतं, तुमच्या कृपेने आता सगळं झालं. नाव मात्र ब च राहिलं. तोंडात बसलंय. तुमचे टॅब आपोआप बदलतात, पोरं नाही बदलत.

बाबांना विचारलं मी. गाडीत, पोरं उतरल्यावर. मी पुढच्या सीटवर जाऊन बसले, कधी बसत नाही. तुम्ही आत्याला असं का सांगितलंत, म्हटलं. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "मग काय सांगायचं होतं? तुझ्या पडद्यापायी पोरगी गेली असं? तिचा पहिलाच प्रयोग होता. एवढं शिकून ती तिथे पोचली. तिला ते सहन झालं नसतं. मला काय, मी असाही अडाणीच आहे, आणखी एक." मग सिग्नल सुटला आणि मागचा हॉर्न वाजवायला लागला.

तेव्हा 'पोरीची जात' वगैरे त्यांनी तुमच्यासाठी बनवलं. त्यांना वाटलं साधं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. फार विचार करून बनवलं असणार, त्यांना असलं काही सुचत नाही एरवी. आणि ते तुम्ही लगेच खरं धरलंत. सायकलवरून परीक्षेला नेणाऱ्या माणसाबद्दल. मला एवढंच विचारायचंय की खरंच विश्वास बसला तुमचा, की ते उत्तर सोपं होतं?

बटण नव्हतं म्हणता.

वरचे अधिकारी वर्ग बघायला आले होते तो दिवस आठवा. तीन पुरुष आणि एक लाल पर्सवाल्या बाई. त्या दिवशी भिंतीवर माझं नावच नव्हतं. माझा माइकही लागला नव्हता. मला वाटलं मशीन बिघडलं. मी तासभर इतकी सुखात बसले होते की काय सांगू. सगळी तोंडं हिरवी आणि दोन-तीन पिवळी, त्यांनी टाळ्या वाजवल्या, तुमच्याबरोबर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी माझं नाव परत आलं. टुंग.

बटण होतं, आत्या. तुम्ही ते एक दिवस वापरलंत.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच. सांगून काय, तेही म्हणतील तिचा नाइलाज असेल.

मुलाखत सोमवारी, वीस तारखेला, सकाळी गाडीतच आहे. बाबांनी बाहेर जायचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. न्हाणीघराच्या आरशासमोर तालीम करतात, आम्हाला ऐकू येतं. "मुलांनो, माझ्यासारखी चूक तुमच्या आईबाबांनी करू नये." आईने बाहेरून बादली आपटली.

तुम्ही म्हणालात त्याला तोंड आहे. तुम्हाला पण आहे. आता पाठ काढू नका, दुरुस्त्याही पाठवू नका. सोमवारी सकाळी या आणि आमच्या गाडीत बसा. पोरं विचारतील तेव्हा बरोबर उत्तर तुम्ही सांगा. नाही आलात तर बटणाचं मी तुमच्या समितीला लिहीन. मला बोलता येत नाही, लिहिता येतं. तुम्हीच शिकवलंय.

घुमी


२१ ऑक्टोबर

आत्या,

काल तुम्ही शाळेच्या फाटकाशी उतरून तशाच रिक्षात बसून निघून गेलात. आईने ह्या वेळीही ताट वाढलं होतं.

तुम्ही आलात हे खरं. मला वाटलं नव्हतं याल. थांब्यावर तुम्हाला बघून बाबांचा चेहरा असा उजळला की मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. धावत उतरून त्यांनी तुमच्यासाठी पुढचं दार उघडलं, सीट पुसली, पोरांना म्हणाले, "ही माझी बहीण. तुमचा पाठ हिनेच लिहिलाय." पोरांना तर देव भेटल्यासारखं झालं. बडबडीने सही मागितली.

पुढचं तुम्ही बघितलंच आहे. पण तुम्ही समोर बघत होतात, म्हणून मागून जे दिसलं ते मी लिहिते.

चष्मेवाल्याने टॅब धरला आणि विचारलं, "काका, तुम्ही तुमच्या मुलीची शाळा का सोडवली?" बाबांनी गाडी कडेला घेतली, शर्टाची कॉलर नीट केली, आणि म्हणाले, "मुलांनो, चूक माझी होती. मी अडाणी..."

मी म्हटलं, "चूक."

मी म्हणायचं ठरवलं नव्हतं. आवाज कुठून आला म्हणून मीच दचकले. सगळी गाडी मागे वळली. कुणीतरी म्हणालं, "ताई बोलते!" चष्मेवाला म्हणाला, "काका, तुमचं उत्तर चूक आहे म्हणतेय ताई." आणि मला म्हणाला, "मग बरोबर काय?"

मी तुमच्याकडे बोट केलं. माझ्यात तेवढाच शब्द होता.

मग त्याने टॅब तुमच्याकडे वळवला. "मॅडम, तुम्ही सांगा. बरोबर उत्तर काय?"

तुम्ही पर्सचा बंद धरला होता दोन्ही हातांनी. तोंड उघडलंत. मिटलंत. आणि त्याने, कुणी शिकवलं नाही, वर्गात तुमचं ते मशीन अजून आहे, तो रोज तेच ऐकतो ना, मोजायला सुरुवात केली. दहा, नऊ, आठ. बाकीचीही मोजायला लागली. खिदळत, टाळ्या पिटत. तुमच्या मानेवर मागून एक शीर उडताना दिसत होती. मला ती शीर माहीत आहे. माझी पण तिथेच उडते. तीन, दोन, एक.

"टुंग!" सगळी एकदम ओरडली. बडबडीने तर ओठ लोंबवूनही दाखवले.

मी ह्या क्षणाची वाट बघत होते, आत्या. इतकी वर्षं. मला वाटायचं फार मजा येईल. नाही आली. वाईट वाटलं असंही नाही. खोटं कशाला लिहू.

आणि मग बाबांनी मागे वळून पोरांना झापलं. पर्याय ब म्हणतात तरी कधी आवाज चढवला नाही त्यांनी, काल चढवला. "अरे वेळ द्या की तिला! बाईमाणसाला जरा वेळ द्या!" पोरं चिडीचूप झाली. मग बाबांनी गाडी सुरू केली आणि थेट फाटकाशी नेली.

तुम्हाला आठवलं का ते वाक्य त्यांनी आधी कुणाला सांगितलं होतं?

मुलाखत अपलोड झालेली नाही. चष्मेवाला म्हणतो, अर्धवट आहे, बरोबर उत्तर आल्याशिवाय पाठवता येत नाही. तो थांबलाय. बटणाचं मी अजून कुणाला लिहिलेलं नाही. मीही थांबलेय, पण फार नाही थांबणार.

घुमी


२७ ऑक्टोबर

घुमे,

हे पत्र मी तीनदा फाडलं. म्हणून थोडक्यात लिहिते.

पाठ मागे घ्या असं समितीला कळवलंय. ते कारण विचारतात. कारण लिहायला बसले की हात थांबतो. ते कारण आधी तुमच्या गाडीत सांगितलं तर बहुतेक कागदावरही येईल.

येत्या सोमवारी मी पुन्हा थांब्यावर उभी असेन. पुढची सीट नको. मागे, दप्तरांत, तुझ्याशेजारी जागा कर.

दादाला सांग, मध्ये पडू नकोस. तो मध्ये पडला की मला सुटायला वाट मिळते. आजवर तशीच सुटत आले.

आणि त्या चष्मेवाल्याला सांग, मोजू नको म्हणावं. मला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागेल.

आत्या